शेणीवरचं नाव

आमच्या गावात दर घराच्या शेणींवर, म्हणजे गोवऱ्यांवर, त्या घराची खूण असायची. शेणी लावायची जागा सगळ्या आळीची एकच, गावाच्या कडेला, खडकाळ उतारावर. दहा घरच्या बायका तिथं शेणी लावणार आणि वाळल्या की आपापल्या टोपलीत भरून नेणार. मग कुठली कुणाची हे कळायला नको? आमच्या घरची खूण तीन बोटं. शेजारच्यांची अख्खा पंजा. पलीकडच्यांचा अंगठ्यानं पाडलेला एक खड्डा. पुढं लग्न होऊन मी कवठे महांकाळच्या बाजूला आले. इकडं पाणी नाही, गुरं थोडी, मेंढरं जास्त, आणि शेणी लावायला सगळी आळी एका जागी जमते असं मी इकडं पाहिलं नाही. त्यामुळं इकडच्या कुणाला ही गोष्ट सांगायची तर आधी शेणीची खूण समजावून सांगावी लागते. मी सांगतही नाही कुणाला. इथं लिहून ठेवते.

माहेर कराडपासून चालत दोन तासांवर, कृष्णेच्या काठी. दुसरी जागतिक लढाई चालू होती, आणि आमच्याकडं स्वातंत्र्याच्या चळवळीचेही दिवस होते. माझा चुलत भाऊ, त्याला मी दादा म्हणायची, सात महिने तुरुंगात राहून आला होता. आल्यावर तो तालमीतल्या पोरांना म्हणाला, वडीलधारी मंडळी गावासाठी काही करतील म्हणून वाट बघत बसलो तर आपण म्हातारे होऊ. जे करायचं ते आपणच करायचं. त्या पोरांत पंचविशीच्या वरचं कुणी नव्हतं. त्यांनी गाळ भरलेली विहीर उपसली. मग तालमीत रोज सकाळी व्यायाम झाला की एकानं वर्तमानपत्र वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, असं ठरवलं. ज्याला वाचता येत नाही त्याला येणाऱ्यानं शिकवायचं. तालमीत चार पाट्या होत्या, त्यांवर ती दांडगी पोरं मांडी घालून अक्षरं गिरवायची.

मग दादा एक दिवस आमच्या घरी आला. मी भाकऱ्या थापत होते. तेव्हा मी सोळा वर्षांची, आणि आळीत चौथी पास झालेली मुलगी मी एकटीच.

"पोरींना तू शिकवायचं," तो म्हणाला. "त्या तालमीची पायरी काय चढायच्या न्हाईत. तुलाच करावं लागंल."

मी मान खाली घातली. परक्या माणसापुढं सोडा, घरच्यांपुढंही माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही. पाहुणे यायचे ते आईला हळूच विचारायचे, ही बोलती न्हवं?

"अगं, व्हय म्हण न्हाईतर न्हाई म्हण," दादा म्हणाला.

आई चुलीपुढून म्हणाली, "तिला न्हाई म्हणायचं झालं तरी दोन दिवस लागत्यात. तू परवा ये."

तो परवा आला. मी विचारलं, "पाट्या कुठनं आणायच्या?"

तो एवढा हसला की ओसरीवरचे वडील काय झालं म्हणून आत आले. तालमीतल्या पाट्या पोरं सोडणार नव्हती. लढाईमुळं कागद मिळत नव्हता. आणि पोरींना काम टाकून बसायला कुठल्या घरची परवानगी मिळणार होती? मी पुन्हा दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी दुपारी शेणी लावायला गेले, शेणी थापली, आणि तीन बोटं उमटवायच्या जागी बोटानं आमच्या आडनावाचं पहिलं अक्षर काढलं. बोलले काहीच नाही.

शेजारची मुलगी वाकून बघायला लागली. "हे गं काय?"

"आमची खूण."

"आन आमची कशी काढायची?"

मी तिच्या शेणीवर तिचं अक्षर काढून दाखवलं. तेवढ्यात बाकीच्या तिघी हात शेणानं भरलेले तसेच घेऊन जवळ आल्या. शाळा अशी सुरू झाली. मला बोलावं लागलं नाही म्हणून झाली, असंच मला आजही वाटतं.

पुढं दर दुपारी एक नवं अक्षर. ओल्या शेणीवर बोटानं काढायचं, चुकलं तर तळव्यानं पुसून पुन्हा काढायचं. पाटीपेक्षा ते सोपं होतं. पोरी आपसांत म्हणायच्या, "काल आमच्यात 'म'वर भाकरी भाजली." दुसरी म्हणायची, "मग पोटातच गेला की 'म'. आता इसरलीस तर बघ." कुठल्याच सासू-आईला वाईट वाटायचं कारण नव्हतं, कारण काम होत होतं. उलट एकीची आई म्हणाली, पोरगी आजकाल न सांगता शेणी लावायला पळती. महिन्या-दीड महिन्यात आम्ही अकराजणी झालो.

आमच्या भिंतीला भिंत लागून भावकीतल्या काकींचं घर होतं. त्यांचा मुलगा पलटणीत, लढाईवर गेलेला. त्याची बायको माझी वहिनी, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तो रजेवर येऊन गेला त्यानंतर तिला मुलगी झाली होती, तेव्हा चार महिन्यांची. वहिनी मुलीला टोपलीत निजवून शेणी लावायला यायची, पण अक्षरांच्या खेळात यायची नाही. एका दुपारी बाकीच्या गेल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली.

"वन्सं, मला फकस्त पाकिटावर नाव लिवाय शिकवा."

"कुणाचं?"

तिनं तोंडाला पदर लावला. "कुणाचं म्हंजे? आता काय सांगू तुमास्नी?"

मग माझ्या ध्यानात आलं. आमच्यात नवऱ्याचं नाव बायकोनं तोंडातून काढायचं नाही. त्यामुळं तिला स्वतःहून त्याला पत्र घालताच यायचं नाही. मास्तरांकडं जाऊन सांगायचं तरी काय, कुणाला पत्र? काकी मास्तरांकडं जायच्या, सांगायच्या, मास्तर लिहायचे, आणि शेवटी एक ओळ, सूनबाई बरी आहे. त्याचं पत्र आलं की तेही मास्तरच वाचायचे आणि वहिनी दाराआड उभी राहून ऐकायची.

"ही झाली तवा आत्याबाईंनी लिवलं, बाळ-बाळंतीण सुखरूप," वहिनी म्हणाली. "पोरगा का पोरगी, ते लिवलंच न्हाई. त्यांचं पत्र आलं, पोराचं नाव काय ठेवलं म्हणून. मला वाटलं आता तरी सांगतील. तर मास्तरास्नी म्हणाल्या, लिवा, नाव तूच कळीव. मागनं मला म्हणत्यात, लढाईवरच्या माणसाला वाईट बातमी कशाला कळवायची."

 ती टोपलीतल्या मुलीकडं बघून म्हणाली, "वन्सं, ही वाईट बातमी हाय व्हय? त्यो माणूस तिकडं पोराचं नाव शोधत बसला आसंल. मला त्यास्नी सांगायचं हाय."

मी होकाराची मान हलवली. त्या दिवशी मला शिकवायचं म्हणजे काय ते कळलं. तोवर खेळ होता.

त्याच्या नावात चार अक्षरं होती. मी ती तिला क्रमानं शिकवली नाहीत. एक आज, एक चार दिवसांनी, मध्ये दुसरी कुठली तरी. कुणाला कळू नये म्हणून, आणि खरं सांगायचं तर तिलाही संकोच वाटू नये म्हणून. वहिनी हुशार. दोन महिन्यांत तिला अक्षरं आली, काना-मात्रा आल्या. दादानं कराडहून एक पाकीट नि एक कागद आणून माझ्याकडं ठेवलं होतं.

आणि मग तिच्या हातून चूक झाली. थंडीचे दिवस होते. एका दुपारी मी पलीकडं पोरींना दाखवत होते, तेव्हा तिनं ती चारही अक्षरं एका शेणीवर पहिल्यांदा ओळीनं लावली. बघून झालं की पुसणार होती. तेवढ्यात मुलगी रडायला लागली, घरातून काकींची हाक आली, आणि ती तशीच उठून गेली. शेणी उन्हात वाळली.

पाच-सहा दिवसांनी काकींनी स्वतः शेणी भरून नेल्या. अंगणात पाणी तापवायची चूल पेटवत होत्या. तालमीतला एक तरुण वैरणीचा भारा घेऊन तिथून चालला होता. त्याला नुकतंच वाचता यायला लागलं होतं, आणि नव्यानं वाचायला शिकलेल्या माणसाचं जे होतं तेच त्याचं झालं होतं. तपकिरीची डबी, दुकानाची पाटी, मैलाचा दगड, जे दिसेल ते तो मोठ्यानं वाचायचा. काकींच्या हातातली शेणी त्यानं वाचली, त्यांच्या मुलाचं नाव घेतलं आणि हसून म्हणाला, "काय काकी, आज लढाईवरच्या गड्याला चुलीत घालताय व्हय?"

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण काकींनी जी किंकाळी फोडली ती आळीतल्या प्रत्येक घरात ऐकू गेली.

त्यांनी ती शेणी पदरात घेतली आणि मारुतीच्या देवळात जाऊन म्हाताऱ्या मंडळींपुढं ठेवली. "माझा ल्योक बंदुकीम्होरं उभा हाय, आन हितं त्याचं नाव चुलीत चाललंय! ही तुमच्या पोरांची सुधारणा!" आधीच दादा सरकारविरुद्धच्या चळवळीपायी तुरुंगात जाऊन आलेला आणि काकींचा मुलगा सरकारच्या पलटणीत, त्यामुळं दोन्ही घरांत सरळ बोलणं उरलं नव्हतं. मंडळींनी सांगितलं, पोरींचं शिकणं बंद. पुन्हा असं काही दिसलं तर तालमीतलं वर्तमानपत्रही बंद. वहिनीचं घराबाहेर पडणं थांबलं. शेणी लावायला काकीच यायला लागल्या, आणि पोरी त्यांना बघून पुन्हा पंजे नि बोटं उमटवायला लागल्या.

दादा आमच्याकडं आला. "थोडे दिवस थांबूया," म्हणाला. "आता ताणलं तर तालीम जाईल."

"तालीम ऱ्हावी म्हणून आमी थांबायचं?"

आईच्या हातातलं उलथनं थांबलं. दादानंही माझ्याकडं नीट पाहिलं.

"तसं न्हवं गं."

"मग कसं? वाचून दाखवलं तुमच्या तालमीतल्यानं. आन बंद व्हायचं आमी."

तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, "बरं. काय करतीस सांग."

मला तरी कुठं ठाऊक होतं? मी म्हटलं, "दोन दिवसांनी सांगते."

ते दोन दिवस मी एकच वाक्य पाठ केलं. शेणी लावताना, दळताना, नदीवर धुणं आपटताना तेच. दुसऱ्या दिवशी दुपारी काकींच्या घरी गेले. काकी सोप्यात जोंधळे पाखडत होत्या. माझी नजर आधी देवांच्या कोनाड्याकडं गेली. ती शेणी तिथं ठेवली होती, वर कुंकवाचं बोट. चुलीत घालता येत नाही, उकिरड्यावर टाकता येत नाही, मग ठेवणार तरी कुठं? दुसऱ्या कुठल्या वेळी मला हसू आलं असतं.

मी उभ्या उभ्याच म्हटलं, "काकी, नाव शेणीवर लिवलं ही चूक झाली. पाटी न्हवती म्हणून लिवलं. कागदावर लिवलं आसतं तर चुलीत गेलं नसतं."

काकींनी सूप खाली ठेवलं. "तुला बोलता येतंय व्हय गं?"

त्यांनी सूप पुन्हा उचललं.

"आन लिवायचं कशापायी? मी मेली हाय का पत्र घालायला?"

माझं पाठ केलेलं वाक्य संपलं होतं. पुढचं कुठून आलं ते मला सांगता येणार नाही. "त्यांनी पोराचं नाव इचारलं. पोरगी हाय ते तुमी सांगितलं न्हाई."

आतल्या दाराआड बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. मला वाटलं, काकी आता सूप फेकून मारतील. त्या बराच वेळ जोंधळ्यातले खडे वेचत राहिल्या. मग खालच्या आवाजात बोलल्या.

"मला ह्याच्या आधी तिघी झाल्या. एक बी जगली न्हाई. दर खेपंला आमच्या घरच्या माणसानं आठ-आठ दिस माझं तोंड बघितलं न्हाई. हितं, ह्या घरात बसून. आन त्यो तर बंदूक घिऊन हुबा हाय. आसं काय वाचून त्याचं मन खट्टू झालं, हात हालला, तर? कुणाला इचारायचं मी?"

 ती भीती खरी होती, हे चौथी शिकलेल्या मलाही दिसत होतं. मी एवढंच म्हटलं, "पत्रं बघू का?"

वाशाला टांगलेल्या तारेत पत्रं ओवून ठेवली होती. काकींनी ती काढून दिली. मी एकेक बघत गेले. सगळी एकाच सुरेख हातची, पलटणीतल्या कुणी शिकलेल्यानं लिहिलेली. शेवटच्या पत्राचा मजकूरही त्याच हातचा. पण खाली नाव मात्र वेगळं होतं. मोठमोठी वाकडी अक्षरं, ओळ सोडून खाली उतरलेली, आणि कागद संपला म्हणून शेवटचं अक्षर कडेला चेंबटलेलं.

"हे त्यांनी लिवलंय," मी म्हटलं.

"कशावरनं?"

"आमच्या पोरी आसंच लिवत्यात."

काकींनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "मास्तर कवा बोललं न्हाईत."

"मास्तर भराभर वाचत्यात."

"त्यो शिकतोय म्हण की. ह्या वयात कशाला?"

दाराआडून वहिनी म्हणाली, "मास्तरांच्या तोंडनं बोलायचा कटाळा आला आसंल."

न विचारता ती सासूपुढं बोललेली मी पहिल्यांदा ऐकली. काकी दाराकडं बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "शेणीवर देवाचं न्हाई आन माणसाचं न्हाई. बसायचं ते माझ्या अंगणात, माझ्या डोळ्याम्होरं. आन लिवशीला ते मला वाचून दावायचं, सगळं."

त्यांनी हो म्हटलं नाही. पण मी ते हो धरून निघाले, ती सरळ तालमीपुढं जाऊन उभी राहिले. पायरी चढले नाही. दादाला हाक मारली आणि दोन पाट्या मागितल्या.

आतून एकजण ओरडला, "आज पाट्या, उद्या मुदगल न्यायला येतील रं!"

दुसरा म्हणाला, "सरकारच्या शिपायाला पत्र लिवायला आपल्या पाट्या व्हय?"

"शिपायाच्या बायकूला," दादा म्हणाला आणि दोन पाट्या आणून माझ्या हातात दिल्या. ज्यानं शेणी वाचली होती तो मागून आला, मान खाली घालून तिसरी देऊन गेला. एकच पाटी त्यांना राहिली. पुढं बरेच दिवस ते आठजण त्या एका पाटीसाठी भांडायचे असं दादा सांगायचा.

पत्राला तीन दुपारी लागल्या. दादानं आणलेला एकच कागद होता, म्हणून वहिनी आधी पाटीवर लिहायची आणि मग उतरवायची. पहिली ओळ, मुलगी झाली आहे. काकींनी ती तीनदा वाचून घेतली.  मग म्हणाल्या, "लिव म्हणावं, नाक त्याच्यावर गेलंय." तिथली जोडाक्षरं वहिनीला येत नव्हती, ती मी पाटीवर काढून दिली. शेवटी पाकीट. अंगणात बघायला जमलेल्या बायकांनी त्या वेळी तोंडं फिरवली, जणू ती नाव मोठ्यानंच घेणार होती. काकी तेवढ्या बघत होत्या. वहिनीनं ती चार अक्षरं लिहिली. खालचे पलटणीचे इंग्रजी आकडे नि अक्षरं मी त्याच्या पत्रावरून, रांगोळीचं चित्र बघून काढावं तशी काढली.

पत्र गेलं. शिवारातला शाळू काढला, मळला, तरी उत्तर नाही. काकी मला काही बोलायच्या नाहीत, पण अंगणात येऊन बसायच्या आणि माझ्याकडं बघत राहायच्या. काही वाईट कळलं असतं तर त्या अंगणात पुन्हा पाटी उघडली नसती, आणि त्या माणसाचं काय झालं ते माझ्या नावावर लागलं असतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. आई म्हणाली, उत्तर येईपर्यंत जाऊ नको. मी म्हटलं, न गेले तर मीच घाबरले असं होईल. मी रोज जात राहिले. पोरी सोळा झाल्या. त्यांत दोघी लेकुरवाळ्या सुना होत्या.

पत्र आलं ते ऊन तापायला लागल्यावर. पोस्टमन म्हणाला, "काकी, वाचून दावू?"

"ऱ्हाऊ द्या," काकी म्हणाल्या. "घरात वाचणारी हाय."

वहिनी उंबऱ्याजवळ बसली. पत्र सगळं वाकड्या अक्षरांचं, पेन्सिलीनं लिहिलेलं. ती एकेक अक्षर बोटाखाली धरून वाचायला लागली. पत्र. मिळाले. तिसऱ्या शब्दाला ती अडली आणि मी सांगायला तोंड उघडलं.

"तू गप," काकी म्हणाल्या. "तिला वाचू दे."

त्या वाचण्यात मुलगी दोनदा जागी झाली. पोरीचं नाव आईनं ठेवावं, असं त्यानं लिहिलं होतं. आणि पुढं, नाक माझं गेलं ते काही बरं झालं नाही, पोरीला शोभणार नाही. काकी हसल्या. हसता हसता त्यांनी डोळे पुसले, आणि मग मुलीला उचलून तिचं नाक उजेडात धरून बघितलं.

वहिनीचं बोट अजून कागदावर चाललं होतं. पण आवाज थांबला होता. नुसते ओठ हलत होते. मग तिनं पत्र मिटलं.

"फुडं?" काकींनी विचारलं.

"फुडं माझ्यापुरतं हाय, आत्याबाई."

काकी आधी तिच्याकडं बघत राहिल्या, मग माझ्याकडं. "बघ," म्हणाल्या, "काय शिकवून ठेवलंस ते." आणि नातीला काखेत घेऊन अंगणात गेल्या. पोरी पाट्या घेऊन खोळंबल्या होत्या.

"सरका गं जरा," त्यांच्यात बसत म्हणाल्या. "आन चला, आज लय उशीर झालाय."